ओढ्याचा ‘पाझर’ की ‘पायाभूत प्रवाह’?

बार्शी तालुक्यातल्या एका वाचकाने विचारलंय: ‘बेसफ्लो’ला भाषांतरात ‘पायाभूत प्रवाह’ लिहितात, पण आजोबा ‘ओढ्याला अजून पाझर आहे’ म्हणायचे. तो शब्द इथे चालेल का? आणि शेजारशेजारचे दोन ओढे, एक दिवाळीलाच कोरडा, दुसरा होळीपर्यंत वाहता, असं का?

आजोबांचाच शब्द घ्या. पाऊस थांबल्यावर जमिनीच्या पोटातून ओढ्यात येत राहणारं पाणी म्हणजे बेसफ्लो, आणि तोच पाझर. संस्कृत ‘क्षर्’चं प्राकृतात ‘झर’ झालं, ‘प्र’ लागून ‘पज्झर’, त्यातून आपला पाझर. ‘पायाभूत’ म्हटलं की मला आधी रस्ते आणि पूल दिसतात.

मराठीने या पाण्याचा सगळा प्रवास तीन क्रियापदांत धरलाय, त्यांची सरमिसळ नको. पाणी जमिनीत शिरतं ते जिरतं. आत साठून राहतं ते मुरतं. पुन्हा बाहेर येतं ते पाझरतं. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ यात पहिलीच पायरी आहे. पाझर तलावातलं पाणी खाली जमिनीत जातं, मग त्याला पाझर का? तर तलावाच्या बाजूने पाहिलं की ते बाहेरच पडतं.

दोन ओढ्यांचं उत्तर मधल्या क्रियापदात आहे: मुरायला जागा किती? सोलापूर जिल्हा जवळजवळ सगळा बेसाल्टवर बसलाय. त्यातला काळा पाषाण अखंड असेल तर त्यात पाणी राहायला पोकळीच नसते. पाणी धरतो तो मुरूम, भेगाळलेला खडक आणि काही ठिकाणी मांजऱ्या नावाचा सच्छिद्र खडक. (मुरूम आणि मुरणे ऐकायला सख्खे वाटतात, पण तेवढ्यावरून व्युत्पत्ती जोडू नये.) तिथेही हात आखडताच. असा शंभर घनमीटर खडक निथळला तर साधारण एक ते तीन घनमीटर पाणी सुटतं. नदीकाठच्या वाळूच्या गाळातून त्याच्या कितीतरी पट सुटतं. म्हणून ज्या ओढ्याच्या वरच्या अंगाला जाड मुरूम आहे त्याचा पाझर टिकतो. ज्याच्या वरच्या अंगाला वीतभर मातीखाली पाषाण लागतो, तिथे पाणी मुरत नाही, ओघळून जातं.

लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये कधी लाल, मातकट गेरूचा पट्टा असतो. तो पाणी सहज खाली जाऊ देत नाही, मग ते आडवं सरकतं आणि ओढ्याने जिथे तो पट्टा कापलाय तिथे काठातून बाहेर पडतं. असं एका जागी येतं तो झरा. काठभर ओलसर दिसत राहतो तो पाझर. हा भेद मला फार मोलाचा वाटतो, बोलताना तो जपावा.

बोअरनी भूजलाची पातळी ओढ्याच्या तळाखाली नेली की मात्र क्रियापदच उलटतं. ओढ्याला पाझर राहत नाही, ओढाच जमिनीत जिरायला लागतो.

आणि उजनीच्या खाली भीमेत भर उन्हाळ्यात पाणी दिसलं तर ते बहुधा धरणातून सोडलेलं असतं. त्याला पाझर म्हणू नका. कोरड्या दिसणाऱ्या पात्रात वाळू उकरून झिरा केला आणि त्यात हळूहळू पाणी चढलं, तर म्हणा.