बी-१७ चा पहिला नमुना का पडला?

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धात गाजलेल्या बी-१७ बॉम्बरचा पहिला नमुना चाचणीतच कोसळला, तोही वैमानिकाच्या विसराळूपणामुळे, असं वाचलं. कसलेल्या वैमानिकाकडून असं होतं? आणि पडलेलं विमान लष्कराने घेतलं तरी कसं?

उत्तर : माझी उभी हयात विमानांच्या देखभालीत गेली, त्यामुळे ‘विसराळूपणा’ वाचलं की मला झोंबतं. बी-१७ चा तो पहिला नमुना म्हणजे बोइंगचं मॉडेल २९९. अमेरिकी लष्कराने ‘अनेक इंजिनांचं’ बॉम्बर मागितलं. प्रतिस्पर्ध्यांनी त्याचा अर्थ दोन असा घेतला, बोइंगने पदरच्या पैशाने चार बसवली. ऑगस्ट १९३५ मध्ये ते सिएटलहून ओहायोतल्या राइट फील्ड या लष्कराच्या विमानतळावर कुठेही न थांबता नऊ तासांत पोचलं. अंतर २,००० मैल! सगळे थक्क झाले.

मग आला ३० ऑक्टोबर. विमान उभं असताना शेपटीचे हलते भाग वाऱ्याने आपटून मोडू नयेत म्हणून ते जखडून ठेवतात. काही लहान विमानांत बाहेरून खिट्टी अडकवतात, तिला लाल फडकं लोंबत असतं, आंधळ्यालाही दिसेल. इथे मात्र लॉकची सोय कॉकपिटमध्येच होती. ते काढायचं राहिलं. एलेव्हेटर (नाक वर-खाली करणारा शेपटीचा हलता भाग) हलेना, नाक वर चढतच गेलं, वेग संपला आणि विमान कोसळून पेटलं. विमान चालवणारे लष्कराचे मेजर प्लॉयर हिल गेले. बोइंगचे लेस्ली टॉवरही पुढे त्याच जखमांनी वारले. या टॉवर यांनीच जुलैत त्याचं पहिलं उड्डाण केलं होतं! ते विमान सर्वांत जास्त ओळखणारा माणूस आत असूनही लॉक राहतं, तेव्हा दोष एका डोक्याचा कसा म्हणायचा? (उड्डाणाआधी एलेव्हेटर हलवणारा कॉकपिटमधला दांडा मागेपुढे करून बघायला हवा होता, हे आज म्हणायला सोपं आहे.)

आता दुसरा प्रश्न. स्पर्धा बोइंगच्या हातून गेलीच. प्रतिस्पर्धी डग्लस कंपनीचं दोन इंजिनांचं बी-१८ बरंच स्वस्त होतं. त्याची १३३ विमानं मागवली गेली. पण चौकशीत यंत्रात खोट निघाली नव्हती आणि ते नऊ तास अधिकारी विसरले नव्हते. त्यांनी चाचणीसाठी म्हणून बोइंगकडे १३ विमानं मागितली. पुन्हा असं काही राहू नये म्हणून वैमानिकांच्या हाती छापील तपासयादी आली; उड्डाणाआधी एकेक बाब वाचून, करून पुढे जायचं. युद्ध संपेपर्यंत सुमारे १२,७०० बी-१७ बनली. हिल यांचं नाव युटातल्या हवाई तळाला दिलं आहे.