लॅपटॉपची स्क्रीन फुटली आहे, कमी खर्चात काय करता येईल?

आधी एचडीएमआय केबलने लॅपटॉप टीव्हीला जोडा आणि विंडोज + पी दाबून 'सेकंड स्क्रीन ओन्ली' निवडा. तिथे चित्र स्वच्छ आलं तर बिघाड बहुधा पॅनेलचाच, म्हणजे चित्र दाखवणाऱ्या स्क्रीनचाच. लॅपटॉप घरातच वापरत असाल तर जुना सेकंडहँड मॉनिटर लावून काम भागतं, खर्च तिथेच संपला.

पॅनेल बदलायचं असेल तर लॅपटॉपच्या मॉडेलवरून मागवू नका. एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळी पॅनेल असतात. बेझल (स्क्रीनभोवतीची प्लास्टिकची चौकट) काढून पॅनेलच्या मागच्या स्टिकरवरचा नंबर बघा (एन१५६ असा काहीतरी) आणि केबल जोडते त्या कनेक्टरच्या पिना मोजा: ३० की ४०. साध्या ६० हर्ट्झच्या (सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणाऱ्या) पॅनेलला बहुतेक ३०, टचला किंवा जास्त हर्ट्झला ४०. १३६६×७६८ च्या जागी फुल एचडी टाकायचा मोह होतो, पण जुन्या केबलमध्ये डेटा नेणारी एकच लेन (वाट) असेल तर चित्रच येणार नाही.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे बॅटरी न काढता कनेक्टरला हात लावणं. तो जरा तिरका बसला तरी मदरबोर्डवरचा बॅकलाइटचा (स्क्रीनमागच्या दिव्याचा) फ्यूज उडू शकतो, मग नवं पॅनेलही काळंच. म्हणून खालचं झाकण उघडून बॅटरीची वायर आधी सोडवा. कनेक्टरवरची टेप उचला, पत्र्याची क्लिप असेल तर ती उघडा आणि सरळ मागे ओढा. बेझल लावण्याआधी एकदा चालू करून बघा.

टचची काच पॅनेलला चिकटवलेली असेल तर मात्र घरी नको. मुंबईत असाल तर लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाऊन दोन-तीन दुकानांत भाव काढा.