अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात महसुलाचा अंदाज चुकला, तर शाळांचे पैसे चालू वर्षातही कमी होऊ शकतात का?

हो, होऊ शकतात. तिथे विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांची वित्तीय अभ्यास कार्यालयं आणि राज्याचं कोषागार दरवर्षी जानेवारीत व मे महिन्यात बसून एकमताने एकच अंदाज ठरवतात. त्यात 'स्कूल एड फंड'चा, म्हणजे शाळांना अनुदान देणाऱ्या राज्याच्या निधीचा, आकडा वेगळा असतो. १९९४ च्या 'प्रपोजल ए'ने, म्हणजे मतदारांनी मंजूर केलेल्या घटनादुरुस्तीने, विक्रीकर ४ वरून ६ टक्के केला आणि ही वाढ शाळांना दिली. त्यामुळे मंदीत लोकांनी खरेदी आखडली की फटका थेट या फंडाला बसतो.

खरी गोची तारखांची आहे. शाळांचं आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होतं, राज्याचं १ ऑक्टोबरला. जानेवारीत आकडा खाली आला आणि अनुदान कापलं गेलं तर शाळांचं निम्मं वर्ष सरलेलं असतं, शिक्षकांचे करार झालेले असतात. खर्चाचा मोठा भाग पगार आणि पेन्शनचा, तो मध्येच कापता येत नाही. मग शिल्लक गंगाजळीवर ताण येतो.

म्हणून शाळांचं बजेट मांडताना मे महिन्याचा अंदाज धरा, पण प्रति विद्यार्थी अनुदान थोडं कमी मिळालं तर काय, हा दुसरा हिशोबही तयार ठेवा. पटसंख्या तर हात राखूनच धरा. आणि एकदाच मिळालेल्या पैशावर कायमची पदं अजिबात भरू नका.