वाचकांचे प्रश्न : अर्थमंत्र्यांचे अधिकार आणि त्यांचे राजीनामे

प्रश्न : केंद्रीय मंत्रिमंडळात पंतप्रधानांखालोखाल अर्थमंत्र्यांचे पद वजनदार मानले जाते. तरीही पहिल्या वीस-बावीस वर्षांत जॉन मथाई, चिंतामणराव देशमुख, टी. टी. कृष्णम्माचारी आणि मोरारजी देसाई अशा इतक्या जणांना पद का सोडावे लागले? या मंत्र्याला स्वतंत्र अधिकार असतात की नाही?
— एक वाचक, अलिबाग

उत्तर : राज्यघटनेच्या ११२व्या कलमानुसार वार्षिक वित्तीय विवरणपत्र राष्ट्रपतींच्या वतीने संसदेपुढे ठेवले जाते आणि त्या कलमात अर्थमंत्र्याचा उल्लेखही नाही. इतर सर्व मंत्र्यांच्या खर्चाच्या मागण्या याच खात्यातून जात असल्यामुळे त्याचा दबदबा मोठा असतो, परंतु पंतप्रधान पाठीशी असेपर्यंतच तो टिकतो. आपण उल्लेखिलेले राजीनामे एकापुढे एक ठेवून वाचले, तर हे ध्यानात येते.

मथाईंचा वाद अधिकाराच्या सीमेचा होता. मार्च १९५० मध्ये नियोजन आयोग स्थापन झाला आणि हा आयोग मंत्रिमंडळाला समांतर असे दुसरे सत्ताकेंद्र ठरेल, अशी त्यांची धारणा झाली. काही महिन्यांतच ते बाहेर पडले. त्यांच्या जागी आलेले देशमुख रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर होते आणि नियोजन आयोगाचे सदस्यही असल्यामुळे मथाईंना जाचलेला पेच त्यांच्यापुढे त्या स्वरूपात उभा राहिला नाही. १ जुलै १९५५ रोजी इम्पीरियल बँकेची स्टेट बँक झाली आणि जानेवारी १९५६ मध्ये आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले, ते त्यांच्याच कारकिर्दीत.

असा मंत्री १९५६ मध्ये गेला, तो पैशांच्या प्रश्नावरून नव्हे. मुंबई महाराष्ट्रापासून तोडून केंद्रशासित ठेवण्याचा निर्णय मंत्रिमंडळात रीतसर चर्चा न होता जाहीर झाला, असा त्यांचा आक्षेप होता, आणि मुंबईतील गोळीबाराची चौकशी व्हावी, अशी मागणीही त्यांनी केली होती. महाराष्ट्रात हा प्रसंग संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतील त्याग म्हणून स्मरला जातो आणि ते योग्यच आहे. तथापि सामूहिक जबाबदारी पत्करायची, तर निर्णयातही वाटा हवा, हा त्यामागचा आग्रह मला अधिक मोलाचा वाटतो आणि त्याची चर्चा आपल्याकडे फारच थोडी झाली आहे.

कृष्णम्माचारींचे प्रकरण मात्र थेट खात्यातूनच उद्भवले. नव्याने स्थापन झालेल्या आयुर्विमा महामंडळाने १९५७ मध्ये उद्योगपती हरिदास मुंध्रा यांच्या अडचणीत आलेल्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे समभाग खरेदी केले. फिरोज गांधी यांनी हा विषय लोकसभेत लावून धरला आणि न्यायमूर्ती एम. सी. छागला यांच्या चौकशी आयोगाने, सचिवाच्या कृतीची घटनात्मक जबाबदारी मंत्र्यावरच येते, असा निष्कर्ष काढला. फेब्रुवारी १९५८ मध्ये मंत्र्यांना जावे लागले. तेव्हाचे वित्त सचिव एच. एम. पटेल हेच पुढे १९७७ मध्ये जनता सरकारचे अर्थमंत्री झाले, हेही नोंदवण्याजोगे आहे.

मोरारजींच्या बाबतीत सत्तेचा स्रोत उघडच दिसला. जुलै १९६९ मध्ये इंदिरा गांधींनी अर्थ खाते त्यांच्याकडून काढून घेतले, त्यावर त्यांनी उपपंतप्रधानपदही सोडले आणि १९ जुलै रोजी १४ बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा अध्यादेश निघाला.

याची दुसरी बाजू १९९१ मध्ये दिसते. परकीय चलनाचे संकट यशवंत सिन्हा यांच्यापुढेही होते, परंतु चंद्रशेखर सरकारचा पायाच डळमळीत असल्याने त्यांना मार्चमध्ये केवळ हंगामी अर्थसंकल्प मांडता आला. त्याच खात्यात, तेच संकट हाताळायला जूनमध्ये डॉ. मनमोहन सिंग आले. जुलैच्या आरंभी रुपयाचे दोन टप्प्यांत अवमूल्यन झाले आणि २४ जुलै रोजी त्यांनी नव्या आर्थिक धोरणाची दिशा सांगणारा अर्थसंकल्प मांडला. त्यांच्या विद्वत्तेविषयी दुमत नाही. मात्र पंतप्रधान नरसिंह राव पाठीशी ठाम उभे राहिले नसते, तर ती विद्वत्ता टिपणांतच राहिली असती, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : अर्थमंत्री अर्थतज्ज्ञच असावा, असा नियम का करू नये?
— एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : असा नियम असता, तर आजवरचे बहुसंख्य अर्थमंत्री अपात्र ठरले असते. पी. चिदंबरम आणि अरुण जेटली वकील होते, जसवंत सिंह सैन्यातून आले होते. जून १९७० मध्ये गृह खात्यातून अर्थ खात्यात आलेले यशवंतराव चव्हाण १९७४ पर्यंत तेथे राहिले आणि बांगलादेशी निर्वासितांचा भार, १९७१ चे युद्ध, १९७२ चा दुष्काळ आणि १९७३ मधील खनिज तेलाची दरवाढ या सगळ्यांची झळ त्यांना तिजोरीवर सोसावी लागली. भौतिकशास्त्राचे प्राध्यापक असलेल्या मधू दंडवते यांच्या कारकिर्दीत, १९९० मध्ये, सुवर्ण नियंत्रण कायदा रद्द झाला.

तज्ज्ञता खात्यात असतेच. आर्थिक व्यवहार, खर्च, महसूल, वित्तीय सेवा अशा विभागांना स्वतंत्र सचिव असतात, त्यांतील ज्येष्ठाला वित्त सचिव म्हणतात आणि सल्ल्यासाठी मुख्य आर्थिक सल्लागारही असतात. एखादा कर कोणावर बसवावा आणि कोणाचा खर्च कापावा, हे ठरवून त्याचे समर्थन लोकांनी निवडलेल्या सभागृहात करणे, हे काम मात्र राजकीय नेतृत्वाचेच आहे.

प्रश्न : कोणत्या पंतप्रधानांनी स्वतः अर्थसंकल्प मांडला आहे?
— एक वाचक, लातूर

उत्तर : पंतप्रधानपदी असताना तिघांनी. मुंध्रा प्रकरणानंतर पद रिक्त झाल्यामुळे १९५८ मध्ये पंडित नेहरूंनी, मोरारजींकडून खाते घेतल्यानंतर १९७० मध्ये इंदिरा गांधींनी, आणि विश्वनाथ प्रताप सिंह यांना संरक्षण खात्यात हलवल्यानंतर १९८७ मध्ये राजीव गांधींनी. अर्थसंकल्प मांडणाऱ्या पहिल्या महिला इंदिरा गांधी असल्या, तरी पूर्णवेळ अर्थमंत्री झालेल्या पहिल्या महिला म्हणजे २०१९ मध्ये पदभार स्वीकारलेल्या निर्मला सीतारामन.