कॅलिफोर्नियातील तलावांवर मोटारबोट चालते, मग माझी फ्लोट ट्यूब का चालत नाही?

आपण फ्रीमाँटला राहता, ट्राउटच्या मासेमारीसाठी नवी फ्लोट ट्यूब (हवा भरलेले, एका माणसाचे तरंगते आसन) घेतली, आणि पहिल्याच तलावाच्या फाटकावरून आपल्याला परत पाठवण्यात आले; त्याच वेळी शेजारच्या धक्क्यावरून एक मोटारबोट खुशाल पाण्यात उतरत होती. हा कुठला न्याय, पाणी सर्वांचे नाही का, आणि आता ही ट्यूब न्यावी तरी कुठे, असे आपले तीन प्रश्न आहेत. मी सॅक्रामेंटोच्या परिसरात राहतो आणि बरीच वर्षे ट्यूबमधूनच गळ टाकतो, त्यामुळे या तिन्हींशी माझा चांगलाच परिचय आहे.

मुळात अडचण अशी आहे की नियम करणाऱ्यांच्या लेखी फ्लोट ट्यूब ही धड होडीही नाही आणि धड पोहणेही नाही. आपण आसनावर बसलेले असता, पण पाय पाण्यात असतात आणि पायांतल्या फिन्स (पोहताना घालतात ते रबरी पंखे) मारूनच पुढे सरकायचे असते. तलावाच्या मालकाने तिला नाव मानले तर तिला नावेचे नियम लागतात, पोहणे मानले तर पोहण्याची बंदी लागते, आणि काही ठिकाणी दोन्ही एकदम लागतात. आपल्याकडे धरणांच्या पाण्यात ट्रकची ट्यूब फुगवून, तिच्यावर बसून जाळे लावणारे मच्छीमार आपण पाहिले असतील. त्यांना असा प्रश्न पडत नाही, कारण तिथे जलाशयातील मासेमारीचे हक्क बहुधा सहकारी संस्थेकडे ठेक्याने दिलेले असतात आणि कोण पाण्यात उतरणार हे ठेक्यावरून ठरते. इथे परवाना प्रत्येकाला मिळतो. वाद होतो तो पाण्यात कशाने उतरायचे यावर.

आता मोटारबोटीचा मुद्दा. बे एरियातील, म्हणजे सॅन फ्रान्सिस्को खाडीच्या परिसरातील, बहुतेक मोठे तलाव हे नैसर्गिक तलाव नसून पिण्याच्या पाण्याचे साठे आहेत. कॅलिफोर्नियाच्या आरोग्य व सुरक्षा संहितेचे कलम 115825 असे सांगते की, घरगुती वापराचे पाणी ज्या जलाशयात साठवले जाते तिथे शरीराचा पाण्याशी संपर्क येईल असा करमणुकीचा वापर होता कामा नये. या कलमाला अपवाद आहेत, परंतु सर्वसाधारण नियम हाच आहे. मोटारबोटीतला माणूस कोरडा असतो, म्हणून तो या नियमात बसतो. ट्यूबमधल्या माणसाचे पाय पाण्यात असतात, म्हणून तो बसत नाही. त्यामागची भीती रोगजंतूंची आहे. क्रिप्टोस्पोरिडियमसारखा परजीवी क्लोरिनला दाद देत नाही, आणि 1993 मध्ये मिलवॉकी शहराच्या नळाच्या पाण्यातून त्याची लागण होऊन सुमारे चार लाख लोक आजारी पडले होते. ती लागण काही तलावात पोहणाऱ्यांमुळे झाली नव्हती, पण तेव्हापासून पाणीपुरवठा करणारी कुठलीही संस्था या नावाने बिचकते. योसेमिटी राष्ट्रीय उद्यानातल्या ‘हेच हेच्ची’ जलाशयाचे पाणी तर गाळण प्रक्रियेविनाच सॅन फ्रान्सिस्कोला जाते. तिथे काठावरून मासेमारी चालते, मात्र पोहणे आणि कोणतीही नाव, दोन्ही वर्ज्य आहेत. हायवे 280 वरून जाताना दिसणारे क्रिस्टल स्प्रिंग्सचे जलाशय तर मासेमारीसाठी पूर्णच बंद आहेत.

आपण छातीपर्यंतचे वेडर्स (पाणी आत न शिरू देणारा पायमोज्यांसकटचा पोशाख) घातले असतील तर अंगाला पाणी लागतच नाही, असा युक्तिवाद आपण फाटकावर केला असेलच. तो मला पटतो. सॅन दिएगो शहराच्या जलाशयांवर वेडर्सच्या अटीवर ट्यूबला जागा मिळते, म्हणजे ही सोय अशक्य कोटीतली नाही. परंतु अन्यत्र अनेक व्यवस्थापक हा युक्तिवाद ऐकून घेत नाहीत, कारण वेडर्स फाटके आहेत की धड, हे फाटकावरच्या कर्मचाऱ्याने तपासायचे कसे, हा प्रश्न त्यांच्यापुढे असतो. माझ्या मते पेट्रोलचे इंजिन चालणाऱ्या पाण्यात वेडर्स घातलेल्या माणसाला मज्जाव करणे विसंगत आहे, पण तो वाद फाटकावर घालण्यात अर्थ नाही. तिथल्या माणसाच्या हातात काहीही नसते.

दुसरा नियम शिंपल्यांचा आहे, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. जानेवारी 2007 मध्ये नेवाडा-ॲरिझोनाच्या सीमेवरच्या लेक मीडमध्ये क्वागा मसल हे परके शिंपले सापडले. पुढच्याच वर्षी हॉलिस्टरजवळच्या सॅन हुस्तो जलाशयात झेब्रा मसल सापडले आणि तो लोकांसाठी बंद करण्यात आला. ऑक्टोबर 2024 मध्ये स्टॉकटन बंदरात गोल्डन मसल हा मूळचा चीन व आग्नेय आशियाकडचा शिंपला आढळला. उत्तर अमेरिकेतली ही त्याची पहिलीच नोंद होती. हे शिंपले नळ, पंप आणि जाळ्यांवर थरावर थर चढवून पाण्याचा मार्गच बुजवतात. त्यांची पिल्ले नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत आणि थोड्याशा ओलाव्यातही तग धरतात, म्हणजे ओल्या साधनाबरोबर ती दुसऱ्या तलावात पोहोचू शकतात. म्हणूनच 2025 च्या वसंत ऋतूत फॉल्सम लेकवर ट्रेलरवरच्या व मोटारीच्या बोटींसाठी तपासणी आणि तीस दिवसांच्या विलगीकरणाची अट आली, आणि इतरही अनेक जलाशयांनी दारे अरुंद केली.

हाताने उतरवायच्या बिनमोटारीच्या साधनांना बहुतेक ठिकाणी थोडी सवलत असते, परंतु फ्लोट ट्यूबने त्या सवलतीवर फार विसंबू नये. कायाक कडक प्लास्टिकची असते, ती पुसली की दोन मिनिटांत कोरडी होते. ट्यूबचे तसे नसते. वरचे जाडसर नायलॉनचे आवरण आणि आतली हवेची पिशवी यांच्यामध्ये पाणी शिरते आणि तिथेच राहते. एका तलावावर तपासनिसाने माझ्या पुढच्या माणसाची ट्यूब कशी पाहिली ते सांगतो: त्याने आधी आसनाची जाळी अंगठ्याने दाबली, मग बाजूच्या खिशांच्या चेन उघडून कोपऱ्यांत बोटे फिरवली, फिन्सचे पट्टे उलटे करून पाहिले, आणि शेवटी आवरणाची मागची चेन उघडून आत हात घातला. हात ओला निघाला. बाकी सगळे खडखडीत कोरडे असूनही त्या माणसाला परत जावे लागले, आणि तपासनिसाचे काहीच चुकले नव्हते.

म्हणून घरी आल्यावर ट्यूब नुसती उन्हात टाकून भागत नाही. हवा काढून पिशवी आवरणाबाहेर घ्यावी, दोन्ही वेगवेगळे वाळवावे, खिशांतला गाळ व पाणवनस्पतींचे तुकडे झाडून काढावेत, वेडर्स उलटे करून टांगावेत आणि बुटांच्या नाड्या सोडून ठेवाव्यात. आमच्या भागातल्या उन्हाळ्यात काही दिवसांत सगळे वाळते. डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यात आठवडे लागतात, आणि तेवढे दिवस दुसऱ्या पाण्यावर जाऊ नये. ज्यांना परवडते ते एका तलावासाठी एक ट्यूब राखून ठेवतात, पण मला ते जरा अती वाटते.

पाणी सर्वांचे, हे आपले म्हणणे अर्धे खरे आहे. 1910 सालापासून कॅलिफोर्नियाच्या राज्यघटनेत राज्याच्या सार्वजनिक जमिनींवरून व तिथल्या पाण्यात मासेमारी करण्याचा हक्क लिहिलेला आहे, आणि 1971 च्या ‘पीपल विरुद्ध मॅक’ या निकालात न्यायालयाने असे मानले की ज्या पाण्यात वल्ह्याची लहान नाव चालू शकते त्या पाण्यावर जनतेला वावरता येते. परंतु तिथपर्यंत पोहोचण्यासाठी कोणाच्या खासगी जमिनीतून जाण्याचा हक्क यातून मिळत नाही, आणि पाणीपुरवठ्यासाठी बांधलेल्या जलाशयाला वर सांगितलेली आरोग्याची अट लागतेच. त्यामुळे कुठेही निघण्यापूर्वी त्या पाण्याचा मालक कोण हे आधी पाहावे. शहराची किंवा पाणीपुरवठा संस्थेची मालकी असेल तर फोन करून, फ्लोट ट्यूबला तुम्ही नाव मानता की शरीराचा पाण्याशी संपर्क, असे थेट विचारावे. ‘बोटिंग चालते का’ असे विचारल्यास ‘हो’ असे उत्तर मिळते, आणि आपला शनिवार फाटकावर वाया जातो.

आणखी एक सावधगिरी. फिन्स मारून पाय दुखतात म्हणून पुष्कळ जण ट्यूबला छोटी बॅटरीची मोटर लावतात. मोटर लागली की कॅलिफोर्नियात तिची डीएमव्हीकडे (राज्याच्या मोटार वाहन विभागाकडे) नोंदणी करावी लागते, गोड्या पाण्यासाठी मसलचा स्टिकरही घ्यावा लागतो, आणि हाताने उतरवायच्या साधनांची सवलत संपते. पाय दुखू द्यावेत, हे बरे. मासेमारीचा परवाना सोळा वर्षे व त्यावरील प्रत्येकाला लागतो, आणि 2023 पासून तो घेतल्या दिवसापासून 365 दिवस चालतो. लाईफ जॅकेट मात्र अंगावरच असावे, कारण दुपारचा वारा सुटल्यावर ट्यूब काठाकडे आणणे दिसते तितके सोपे नसते.

जायचे कुठे, तर डोंगरात. ट्रकीजवळच्या मार्टिस क्रीक लेकवर मोटरला बंदी असून सर्व मासे परत सोडावे लागतात, त्यामुळे तिथे ट्यूबवाल्यांचेच राज्य असते. लासेन राष्ट्रीय उद्यानातील मँझानिटा लेक माझ्या विशेष आवडीचा आहे: मोटर नाही, एकच बिनकाट्याचा हूक, फक्त कृत्रिम आमिष, पकडलेला मासा परत पाण्यात, आणि ओढा जिथे तलावाला मिळतो त्या मुखापासून 150 फुटांच्या आत गळ टाकायचा नाही. मॉनिटर पासजवळचा हीनन लेक लाहोंतान कटथ्रोट या ट्राउटच्या जातीच्या बीजासाठी राखलेला असल्यामुळे उन्हाळ्याच्या अखेरीपासून ऑक्टोबरअखेरपर्यंतच, आणि तोही फक्त शुक्रवार ते रविवार उघडा असतो.

पुढच्या उन्हाळ्यात यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात जाणार असल्याचे आपण लिहिले आहे. तिथे फ्लोट ट्यूबलाही नावेचा परवाना आणि तपासणी सक्तीची आहे, लुईस आणि शोशोनी या तलावांमधला लुईस नदीचा टप्पा सोडला तर सर्व नद्या नावांसाठी बंद आहेत, आणि 2018 पासून फेल्टच्या (नमद्याच्या) तळव्यांचे, पाण्यात चालण्यासाठी घालायचे बूट चालत नाहीत. तसे बूट असतील तर निघण्यापूर्वी रबरी तळव्यांचे घ्यावेत.