‘संपर्क बंद होतो आणि संकेत जातो’ म्हणजे काय?

प्रश्न असा आला आहे. एक वाचक छापखान्यातल्या जुन्या यंत्रांवरचा इंग्रजी लेख एका स्मरणिकेसाठी मराठीत आणताहेत. त्यात टेलिटाइपसेटरचं वर्णन करताना म्हटलंय, की फितीच्या भोकात पिन शिरली की ‘कॉन्टॅक्ट क्लोज’ होतो आणि संकेत तारेवर जातो. यांनी लिहिलं, ‘पिन भोकात शिरताच संपर्क बंद होतो आणि संकेत तारेवर जातो.’ मुद्रितं तपासणाऱ्या गृहस्थांनी समासात विचारलं, ‘संपर्कच बंद झाला तर संकेत जाईल कसा?’ वाचकांचं म्हणणं, शाळेच्या पुस्तकात ‘बंद परिपथ’ म्हणजे ज्यातून वीज वाहते तोच, मग चूक कोणाची? सोबत दोन पोटप्रश्न आहेत. स्विचला खटका म्हणावं, कळ की बटण? आणि रोटरी या छपाईयंत्रावरच्या ‘इंचिंग’ बटणाला मराठी शब्द कोणता?

मुद्रितं तपासणाऱ्यांचं बरोबर आहे. वाचकही चूक नाहीत, पण त्यांचं वाक्य चूक आहे.

‘बंद’ हा शब्द मराठीत पाण्याकडून, वाऱ्याकडून आणि माणसांच्या ये-जा करण्यातून आला आहे. नळ बंद, दार बंद, खिडकी बंद, रस्ता बंद, बाजार बंद. या प्रत्येक ठिकाणी काहीतरी वाहत होतं, चालत होतं, ते थांबलं. विजेचं तंत्र उलटं आहे. पाणी फट सापडली की वाहतं, वीज फट मिटली की वाहते. इंग्रजीत ‘सर्किट’ म्हणजे मुळात फेरी, वेढा. त्या वेढ्याची दोन तोंडं एकमेकांना मिळाली की तो ‘क्लोज’ झाला. त्यांच्या डोळ्यांपुढे कडं आहे, आपल्या डोळ्यांपुढे नळ. पाठ्यपुस्तकवाल्यांनी कड्याची प्रतिमा तशीच उचलून ‘बंद परिपथ’, ‘खुला परिपथ’ असे शब्द केले. विज्ञानाच्या तासाला ते चालतात, कारण शेजारी आकृती असते. पण आकृतीतली ‘कळ बंद’ केली की दिवा लागतो आणि घरी ‘बटण बंद’ केलं की दिवा जातो, हा घोळ आपण सगळ्यांनी सातवी-आठवीत मुकाट गिळलेला आहे. आमच्या वायरमनला मी मुद्दाम विचारलं, ‘स्विच बंद केला म्हणजे?’ तो म्हणाला, ‘बंद म्हणजे बंद. करंट गेला.’ पुढे स्टार्टरमधले पॉइंट दाखवताना मात्र तोच ‘हा एनओ, हा एनसी’ असं बोलू लागला. म्हणजे ‘नॉर्मली ओपन’ आणि ‘नॉर्मली क्लोज्ड’. इंग्रजी कड्याची प्रतिमा त्याने इंग्रजी आद्याक्षरांतच ठेवली, मराठीत उतरू दिली नाही. पारिभाषिक शब्दांच्या समित्यांपेक्षा हा माणूस जास्त सावध म्हणायचा.

ही उलटापालट छापखान्याच्या इतिहासात जितकी स्पष्ट दिसते तितकी दुसरीकडे क्वचितच दिसेल. तुमच्या लेखाचा विषय म्हणूनच मला आवडला.

मोनोटाइप घ्या. टॉल्बर्ट लॅन्स्टनचं पहिलं पेटंट 1887 सालचं. या पद्धतीत दोन यंत्रं असतात. एकावर जुळारी बसतो आणि कळा दाबून कागदाच्या फितीला भोकं पाडतो. ती फीत दुसऱ्या यंत्रावर चढवली की ते एकेक खिळा, म्हणजे धातूचं सुटं अक्षर, ओतत जातं. पण फितीवरची भोकं ते वाचतं कसं? दाबलेल्या हवेने. भोक आलं की त्यातून हवा निसटते, नळीतून जाते आणि एक छोटी खुंटी वर उचलते. ती खुंटी साच्यांची चौकट नेमक्या जागी अडवते. या वाचण्यात विजेचा संबंध नाही. इथे मराठी सुखाने चालते: भोक उघडं असलं की काम होतं, कागद आडवा आला की हवा बंद आणि काम बंद. नळाचीच गोष्ट.

आता तुमचा टेलिटाइपसेटर. वॉल्टर मोरीने तो बांधला आणि 1928 साली अमेरिकेतल्या रॉचेस्टर शहरी त्याचं प्रात्यक्षिक झालं. कल्पना अशी, की एका गावी बसून फितीला भोकं पाडायची, ती तारेने दुसऱ्या गावी पाठवायची, तिथे तशीच फीत तयार होईल आणि तिच्यावर लायनोटाइप, म्हणजे अख्खी ओळ ओतणारं जुळणीयंत्र, माणसाशिवाय चालेल. फितीच्या रुंदीत भोकांच्या 6 जागा, म्हणजे 64 जुळण्या. तेवढ्यात सगळी अक्षरं मावत नाहीत, म्हणून मोठ्या (कॅपिटल) अक्षरांवरून छोट्यांवर आणि परत जायला वेगळे संकेत ठेवावे लागले. फीत तारेवर पाठवताना भोकांखाली पिना असतात. जिथे भोक असेल तिथे पिन वर शिरते आणि तिच्याशी जोडलेली धातूची पट्टी समोरच्या टोकाला जाऊन टेकते. म्हणजे कागद उघडा आणि वीज ‘क्लोज’. एकाच भोकाबद्दल एकाच वाक्यात उघडं आणि बंद दोन्ही म्हणायची वेळ. मोनोटाइपमध्ये भोक उघडं म्हणजे वाट उघडी. इथे भोक उघडं म्हणजे वाट ‘बंद’, आणि तरी संकेत निघाला! समासात प्रश्न येणारच.

मग लिहायचं काय? ‘बंद’ आणि ‘खुला’ दोन्ही शब्द टाकून द्या आणि टोकांचं जे होतं ते सांगा. टोकं टेकतात, भिडतात, जुळतात. सुटतात, फाकतात, अलग होतात. परिपथ पुरा होतो किंवा तुटतो. ‘पिन भोकात शिरली की दोन टोकं भिडतात आणि संकेत तारेवर जातो.’ संपर्क हा शब्द हवाच असेल तर तो ‘होतो’ आणि ‘तुटतो’. ‘संपर्क बंद’ हे तर आपण पुरात सापडलेल्या गावाबद्दल म्हणतो.

आता खटका, कळ आणि बटण. यात माझा कल उघड आहे: तिन्ही ठेवा, पण त्यांची कामं वाटून द्या.

खटका हा आवाजाचा शब्द आहे. बंदुकीला, कुलपाला, उंदराच्या सापळ्याला खटका होता, मग विजेला आला. ‘खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी’ म्हणणाऱ्याच्या मनात वीज नसतेच. दाबून ठेवलेली स्प्रिंग एकदम सुटते आणि खट् होतं, ते म्हणजे खटका. विजेच्या स्विचमध्ये हा आवाज कुठून आला, याला इतिहास आहे. सुरुवातीचे स्विच हातानेच हळू उघडायचे. टोकं सावकाश दूर गेली की मधल्या हवेतून ठिणगीची कमान चालूच राहते, टोकं जळतात, कधी आगही लागते. एकदिश (डीसी) प्रवाहात हे जास्त, कारण तो क्षणभरही शून्यावर येत नाही. आपल्या घरचा 50 आवर्तनांचा प्रत्यावर्ती (एसी) प्रवाह सेकंदाला 100 वेळा शून्यावर येतो, त्यामुळे कमानीला विझायची संधी मिळते. न्यूकॅसलच्या जॉन हेन्री होम्सने 1884 साली स्प्रिंग बसवून असा स्विच केला की हात कितीही सावकाश हलवा, टोकं एका झटक्यात सुटणार. तो झटका ऐकू येतो, खट्! म्हणजे मराठी माणसाने ज्याला नुसता आवाज समजून नाव दिलं, त्या आवाजातच यंत्राची खुबी आहे. छापखान्यात हे फार महत्त्वाचं होतं. वेग कमी-जास्त करायला सोपं जातं म्हणून रोटरी यंत्रांना एकदिश प्रवाहाच्या मोटारी लावत, आणि भोवती कागदाचा भुसा न् यंत्र पुसायची तेलकट फडकी. तिथे कमान पेटत राहणं परवडणारं नव्हतं.

याउलट उघड्या पात्याचा मोठा स्विच, चाकूसारखं तांब्याचं पातं दोन चिमट्यांत बसणारा, त्याला खटका म्हणवत नाही. पातं ‘बसवतात’ किंवा ‘ओढतात’. त्याबद्दल एक सावधगिरी. असे स्विच लावताना नियम असा की पातं स्वतःच्या वजनाने पडलं तर वीज जोडली जाऊ नये, तुटावी. म्हणून दांडी वर म्हणजे चालू. आपल्या भिंतीवरचं बटण खाली म्हणजे चालू. अमेरिकन लेखातला माणूस ‘स्विच वर टाकतो’ तेव्हा यंत्र सुरू होतं. तुम्ही घरच्या सवयीने ‘खटका पाडला’ लिहिलंत तर यंत्र थांबवून बसाल. ‘वीज जोडली’ लिहा आणि मोकळे व्हा.

कळ हा निवडीचा शब्द. लायनोटाइपला 90 कळा. त्यातली एक दाबली की त्याच अक्षराचा पितळी साचा घरंगळत खाली येतो. ही कळ विजेची नव्हेच. बोटाने दिलेली ढकल दांड्या आणि फिरत्या रबरी रुळाच्या आधाराने वर जाऊन साच्याची अडकण काढते. 3 जुलै 1886 रोजी न्यूयॉर्क ट्रिब्यूनमध्ये लायनोटाइपच्या जनकाच्या, मर्गेनथालरच्या यंत्रावर पहिल्यांदा मजकूर जुळवला गेला, तेव्हाही कळ होती आणि वीज नव्हती. म्हणून तुमच्या लेखात लायनोटाइपच्या कळांना ‘स्विच’ किंवा ‘खटके’ म्हटलंत तर जाणकार हसतील. (90 कळांचं हे गणित देवनागरीला भलतंच जाचक ठरलं. जोडाक्षरं धरून आपल्या खिळ्यांच्या खणपेट्यांत (‘केस’मध्ये) शेकड्यांनी खिळे. लोकमान्य टिळकांनी खिळ्यांची संख्या कमी करायची खटपट केली तिच्यामागे यंत्रावर जुळणी आणायची हीच ओढ होती.) ह्यूजच्या 1855 सालच्या, संदेश छापून देणाऱ्या तारयंत्राला तर पियानोसारख्या 28 काळ्या-पांढऱ्या पट्ट्या होत्या. पेटीवाल्याच्या तोंडी तिथे ‘पट्टी’च येईल, आणि ती जास्त शोभेलही.

गंमत बघा. खटके उडतात आणि कळ लावतात, दोन्ही भांडणाचे शब्द. पण भांडणातली कळ ही कली-कलहाकडची, यंत्रातली कळ कलेकडची, युक्तीकडची. पोटात येते ती आणखी तिसरी. खटक्याचं तसं नाही. यंत्रातला आणि नवरा-बायकोतला खटका एकाच आवाजातून निघाला आहे.

मुळात ‘स्विच’ या इंग्रजी शब्दाचा तरी विजेशी काय संबंध? 16व्या शतकाच्या अखेरीस तो घोड्याला मारायची लवचिक छडी होता, आपल्याकडचा निरगुडीचा फोक म्हणा. पुढे रूळमार्गावर गाडीची वाट बदलणाऱ्या हलत्या रुळाला हे नाव मिळालं, आणि मग विजेला. आपण मधल्या टप्प्याला स्वतंत्र शब्द दिला: सांधा. तोही तुम्हाला लागेल. टेलिटाइपसेटरच्या काही भागांत पट्टी एका टोकावरून सुटून दुसऱ्या टोकाला टेकते, म्हणजे वीज तुटत नाही, तिची वाट बदलते. तिथे ‘सांधा बदलतो’ हे खटक्यापेक्षा नेमकं आहे.

बटण हा हुकमाचा शब्द. रोटरीजवळ उभा माणूस बटण दाबतो तेव्हा मोटारीची सगळी वीज त्याच्या बोटाखालून जात नाही. छोटा प्रवाह जातो, तो एका विद्युतचुंबकाला जागा करतो आणि चुंबक दूरच्या फळीवरची जाड टोकं ओढून जुळवतो. बटणाने नुसती आज्ञा दिली. आणि ‘थांब’च्या बटणात तर आपल्या बोलण्याची फजितीच आहे. रोटरीला ठिकठिकाणी अशी बटणं असतात, आणि ती सगळी एका तारेत एकापुढे एक ओवलेली असतात, नेहमी टेकलेल्या स्थितीत. कोणीही कुठलंही दाबलं की माळ तुटते आणि यंत्र थांबतं. तार कुठे आपोआप तुटली तरीही यंत्र थांबतं, म्हणूनच तशी रचना. म्हणजे बटण ‘दाबणं’ म्हणजे टोकं जोडणं असं गृहीत धरू नका. लेखात ‘दाबल्यावर सर्किट ओपन होतं’ असं असेल तर ‘दाबताच परिपथ तुटतो’ लिहा. ‘खुला होतो’ लिहिलंत तर वाचक यंत्र सुटलं असं समजून हात मागे घेईल.

राहिलं इंचिंग. कागद ओवताना किंवा छपाईचे पत्रे चढवताना सिलिंडर जरा जरा फिरवायचा असतो. बटण दाबून धरलं तोवर फिरतो, बोट उचललं की थांबतो. खटका उडून अडकून बसत नाही, हेच त्याचं वैशिष्ट्य. शब्दासाठी माझ्या मनात लगेच ‘तसू’ आला. गजाचा 24वा भाग, साधारण इंचाच्या जवळचाच, आणि ‘तसूभरही हटणार नाही’मध्ये अजून जिवंत आहे. ‘सिलिंडर तसूतसूने फिरवतात’ हे वाक्य मला स्वतःला फार आवडलं. पण बटणाचं नाव म्हणून ‘तसूबटण’ करू नका. यंत्रावरची माणसं ‘इंचिंग दे’ म्हणतात, आणि स्मरणिका त्यांच्याच हातात पडणार आहे. नाव इंचिंगच ठेवा, क्रियेच्या वर्णनात तसू येऊ द्या.

वाक्य पुन्हा एकदा देतो, थेट उचललंत तरी चालेल: ‘फितीला जिथे भोक असेल तिथे पिन वर शिरते, तिची पट्टी समोरच्या टोकाला भिडते आणि संकेत तारेवर जातो, कोरा कागद आला की पिन खालीच अडते आणि टोकं सुटलेली राहतात.’