ओट्याचं नंतर बघू, आधी तो हप्ता थांबवा

प्रश्न: वय 57, मुंबईत खासगी नोकरी, 60 व्या वर्षी निवृत्ती. अलिबागजवळ नागावला समुद्रापासून दीडशे मीटरवर आमचं घर आहे. तिथलं स्वयंपाकघर नव्यानं करायचंय: मधोमध आयलंड (चारही बाजूंनी मोकळा ओटा), इम्पोर्टेड हॉब-चिमणी, क्वार्ट्झचा ओटा. कोटेशन 18 लाखांचं. त्यासाठी 40 लाखांच्या एफडीतून पैसे काढू की 9 टक्क्यांनी टॉप-अप कर्ज घेऊ? घर शनिवार-रविवार भाड्यानं दिलं की तीनेक वर्षांत खर्च वसूल होईल. पीएफमध्ये 55 लाख आहेत. शिवाय मार्च 2024 मध्ये बँकेतून घेतलेली गॅरंटीड विमा पॉलिसी आहे. वर्षाला 6 लाख, 10 वर्षं भरायचे. 67 व्या वर्षापासून 10 वर्षं दरसाल 11 लाख 40 हजार मिळणार. साडेसात टक्के, हमखास आणि करमुक्त.

उत्तर: एफडीवर 7 टक्के धरले आणि 30 टक्के कर वजा केला, तर हातात पाचही उरत नाहीत. कर्जाला 9 मोजायचे आणि हप्ते निवृत्तीनंतरही चालू. तेव्हा एफडीच मोडा. तुमचा प्रश्न इथे संपला.

खरी भीती पॉलिसीची आहे. पहिला हप्ता 55 व्या वर्षी गेला, पहिली रक्कम 67 व्या वर्षी येणार. दुसरा 56 व्या वर्षी, दुसरी रक्कम 68 व्या. म्हणजे तुमचे प्रत्येक 6 लाख बरोबर 12 वर्षांनी 11.4 लाख होऊन परत येतात. 12 वर्षांत पैसे दुप्पट झाले असते तरी दर 6 टक्केच पडला असता. इथे तर दुप्पटही होत नाहीत. दर साडेपाच टक्के, पहिल्या दोन हप्त्यांवर गेलेला जीएसटी न धरता. मग साडेसात कुठून आले? 90 टक्के वाढ भागिले 12 वर्षं. सरळव्याजाचा आकडा चक्रवाढीच्या एफडीशेजारी मांडून तुम्हाला विकलाय. मार्च महिना, टार्गेट, ओळखीचा रिलेशनशिप मॅनेजर. पुढचं सांगायला नको.

आणि करमुक्त? 1 एप्रिल 2023 पासून घेतलेल्या पारंपरिक (म्हणजे शेअर बाजाराशी न जोडलेल्या) पॉलिसींचे हप्ते मिळून वर्षाला 5 लाखांवर गेले, तर मृत्यूनंतरची रक्कम सोडता ती सवलत मिळत नाही. भरलेल्या रकमेपेक्षा जास्त येईल त्यावर कर लागतो. तुमचा हप्ता 6 लाखांचा. पॉलिसी विकणाऱ्याला हे ठाऊक असायलाच हवं होतं.

आता वय बघा. उरलेल्या 8 हप्त्यांपैकी 3 पगारातून जातील, 5 निवृत्तीनंतर. म्हणजे 60 ते 64 या वयात, पगार बंद झाल्यावर, साठवणीतून 30 लाख काढून द्यायचे आणि 67 पर्यंत एक रुपया परत नाही. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेची कमाल मर्यादाही 30 लाखच आहे. सध्याच्या 8.2 टक्क्यांनी तिथे दर तिमाहीला 61,500 रुपये खात्यात पडतात.

मग पॉलिसी सरेंडर करायची, म्हणजे मोडून पैसे परत घ्यायचे का? घाईनं नको. दोन हप्त्यांनंतर हमीची सरेंडर किंमत 30 टक्क्यांच्या आसपास असते, म्हणजे 12 लाखांचे 3.6 लाख. पेड-अप केली, म्हणजे पुढचे हप्ते थांबवून पॉलिसी तशीच ठेवली, तर 10 पैकी 2 हप्त्यांच्या प्रमाणात, साधारण 2.28 लाख, 67 पासून 10 वर्षं मिळतील. वर्षाला 7 टक्के वाढ धरली तर त्या पुढच्या रकमांची आजची किंमत साडेआठ लाखांच्या पुढे जाते. म्हणून कंपनीकडून दोन्ही आकडे लेखी मागवा. सरेंडरचा आकडा साडेआठपेक्षा बराच कमी असेल, तर पेड-अप करा आणि गेलेल्या 12 लाखांच्या मोहात पुढचे 48 घालू नका. मार्चआधी बँकेतलं ऑटो-डेबिट मँडेट रद्द करून पोच घ्या, नाहीतर तिसरा हप्ता आपोआप जाईल.

आता स्वयंपाकघर. 18 लाखांवर 18 टक्के जीएसटी धरलाय का? बहुतेक कोटेशनांत नसतो. तो, तोडफोड, नळकाम आणि वायरिंग धरून 23 लाख होतात. भाड्याचं म्हणाल तर पावसाळा वगळून पस्तीसेक वीकेंड, 70 रात्री. निम्म्या भरल्या आणि रात्रीचे 12 हजार मिळाले तर 4.2 लाख. त्यातून कमिशन, राखणदार, वीजबिल, धुलाई जाऊन 2 लाख उरले तर नशीब. वसुलीला साडेअकरा वर्षं, तीन नव्हे. शिवाय पाहुणे हॉब बघून घर निवडत नाहीत, सुरमईची थाळी गावातूनच मागवतात.

9 लाखांत उत्तम काम होतं. एमडीएफ किंवा पार्टिकल बोर्ड नको, खाऱ्या दमट हवेत दोन पावसांत फुगतात. आयएस 710 या मानकाचा मरीन प्लाय (पाण्याला टिकणारा) घ्या आणि सिंकच्या कापाच्या कडाही सील करून घ्या, पाणी तिथूनच शिरतं. हँडल, स्क्रू, बास्केट 316 ग्रेड स्टीलचे मागा. 304 वर समुद्राकाठी तपकिरी डाग येतात. क्वार्ट्झमधलं रेझिन खिडकीतल्या उन्हानं पिवळं पडतं, ग्रॅनाइटला ती भीती नाही आणि तो स्वस्तही. चिमणीचं तोंड समुद्राकडे काढू नका, नाहीतर वारा धूर आत लोटेल. काढायचंच तर फ्लॅप असलेलं टोपण बसवा. आणि आयलंडसाठी भिंत बाहेर ढकलायचा बेत असेल तर सोडून द्या. समुद्राच्या इतक्या जवळ सीआरझेडचे, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामाचे नियम आडवे येतात. अधिकृत घराची दुरुस्ती चालते, जोतं वाढवणं नाही.

विम्याचं पत्रात काहीच नाही. 3 जून 2020 चं निसर्ग वादळ अलिबागजवळच धडकलं होतं. भारत गृह रक्षा पॉलिसीत वादळ आणि पूर येतात, भिंतीला पक्कं केलेलं फर्निचर इमारतीत धरलं जातं. काम झाल्यावर विमा रक्कम वाढवून घ्या, बिलं जपून ठेवा. गंज मात्र कुठलाही विमा भरून देत नाही.